बोथ्याचा घाट आणि धाकटे चाक

मोटारीने लांबच्या प्रवासाला निघताना डिकीत ठेवायची स्टेपनी गाडीच्या चाकांएवढीच असावी, की लहान आणि हलकी असली तरी चालते? हा प्रश्न मी मुद्दाम शोधायला गेले नव्हते. मी एका मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि मोटारींशी माझा संबंध त्यांची धूळ अंगावर घेण्यापुरताच आहे. प्रवासाचा हेतू धाकट्या बहिणीला बाळंतपणासाठी माहेरी आणणे एवढाच होता. परंतु निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हा प्रश्न आमच्या अंगणात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर बोथ्याच्या घाटात मिळाले. ते कसे मिळाले हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

खामगाव

माझी बहीण कुसुम बुलढाण्याजवळ देऊळघाटला दिली आहे. मागल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचा गर्भ गेला. या वेळी सर्व नीट चालले होते. आमच्या गावच्या डॉक्टरीणबाईंना तिची सारी हकीकत ठाऊक होती, आणि त्यांनी सांगून ठेवले होते की सातव्या महिन्यापासून तिने खामगावातच, इस्पितळाजवळ राहावे. एस.टी.ने आणू नये. मोटारीने आणावे, सावकाश आणावे, धक्के बसू देऊ नयेत.

आता आपल्याकडे गर्भार बाईने आठव्या महिन्यात गावाची शीव ओलांडू नये असा रिवाज आहे. तो खरा की खोटा याचा विचार मी येथे करीत नाही. कुसुमच्या सासरी तो पाळतात, इतके पुरे. नानामामांची मोटार दुरुस्तीतून बाहेर आली तेव्हा सातवा महिना सरायला दोनचारच दिवस राहिले होते. म्हणजे आता आणली नाही, तर नववा लागेपर्यंत ती तिकडे आणि तिच्या डॉक्टरीणबाई इकडे, आणि दोघींच्या मध्ये सगळा घाट.

नानामामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. वकिली करतात आणि मोटार स्वतः चालवतात. त्या संध्याकाळी त्यांनी डिकीतील मोठी स्टेपनी काढून ओटीवर टेकवली आणि एका मिस्त्रीकडून आणलेले दुसरे चाक पुढे लोटले. ते त्याच कारखान्याच्या धाकट्या गाडीचे होते.

"हे नेऊ," मामा म्हणाले. "त्या धोंड्यानं डिकीत हातभर जागा ठेवली नाही. परत येताना देऊळघाटच्या इहीणबाई काय रिकाम्या हातानं पाठवतील?"

"नाही पाठवणार," आई म्हणाली. "गहू देतील, उडीद देतील, तूप देतील. आणि लेकीसोबत दिलेलं परत करता येत नाही. अपमान होतो."

"पण हे चाक आपल्या गाडीला बसतं का?" मी विचारले.

"बसवून पाह्यलं. चारी बोल्ट बसतात."

"बसतं हे कळलं. चालतं का?"

"गोल आहे ना? मग चालंल. तू वर्गात गोल चालवते, मी रस्त्यावर."

मी सुतळी आणली आणि दोन्ही चाकांचा घेर मोजला. धाकट्याचा घेर जवळजवळ वीतभर कमी भरला. मी ते सांगितले. मामांनी वीत पाहिली, आईने डिकीतली जागा पाहिली, आणि निर्णय आईचा झाला. जी भेट अजून कोणी देऊ केलेली नव्हती, तिच्यासाठी आम्ही जागा करून निघालो.

देऊळघाट

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. खामगाव, नांदुरा, मलकापूर हा खालचा मजला, म्हणजे घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा. खालचे लोक वरच्यांना थंड म्हणतात आणि वरचे खालच्यांना उतावीळ म्हणतात. हवेपुरते तरी हे खरे आहे. हिवाळ्याचे दिवस होते. खामगावला सकाळी मी पातळाचा पदरच अंगावर घेऊन निघाले होते, आणि बोथ्याचे जंगल ओलांडून वर आले तेव्हा शाल शोधू लागले. सागाची मोठी पाने रस्त्यावर पडून वाळली होती व चाकाखाली पापडासारखी मोडत होती. त्या वर्षी रस्त्याच्या दगडांवर मैल पुसून किलोमीटर रंगवण्याचे काम अर्धे झाले होते. त्यामुळे एका दगडावर बुलढाणा जवळ येई आणि पुढच्यावर पुन्हा लांब जाई. "सरकारनं आपल्याला मागं सरकवलं," असे मामा दर वेळी म्हणत. ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला डिकीतून धप्प असा आवाज ऐकू आला. मोकळ्या डिकीत ते धाकटे चाक एका बाजूकडून दुसरीकडे सरकत होते. पुढे दोन दिवस हा आवाज आमच्याबरोबर राहिला.

देऊळघाटला पोहोचताच आमच्या हातावर गूळ आणि पाणी आले. खाली आमच्याकडे आता पाहुण्याला आधी चहा विचारतात. येथे गुळाचा खडा तोंडात विरघळेपर्यंत कोणी बोलत नाही, आणि तेवढ्यात पाहुण्याचा श्वास जागेवर येतो. ही पद्धत मला अधिक शहाणी वाटली. जेवायला कळण्याची भाकरी होती. ज्वारीत उडीद दळून ती करतात, आणि ती तव्यावरून थेट ताटात आली तरच तिची चव कळते. सोबत वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कच्च्या तेलाची धार. कुसुमच्या ताटात ठेचा नव्हता. ती माझ्या ताटातला बोटाने घेत होती आणि तिची सासू ते पाहून न पाहिल्यासारखे करीत होती.

कुसुमच्या सासूबाई उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. शेतात उभ्या राहिल्या तर मजूर आपोआप ओळीत येतात अशी त्यांची ख्याती आहे. जावई कापसाच्या वेचणीवर शेतात होते. ते रात्री येऊन भेटले आणि पहाटे पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघायचे असे मी ठरवले होते. परंतु लेक बाळंतपणाला निघते तेव्हा आळीतल्या बायका ओटी भरायला येतात, आणि एकीची घेतली तर दुसरीची नाकारता येत नाही. कुसुमचा पदर तांदळाने आणि सुपाऱ्यांनी जड होत गेला व सूर्य डोक्यावर आला.

अखेर मामांनी समारंभाने डिकी उघडली आणि बाजूला उभे राहिले.

"हे काऊन उघडलं?" सासूबाईंनी विचारले.

"सामान ठेवाले," मामा म्हणाले.

"कायचं सामान? इवाई, दोन जिवाची पोर बसून राह्यली त्या गाडीत, अन् मी तिच्या पाठीमागं पोते भरू? गाडी हलकी पायजे. गहू-उडीद मी मागाहून पाठवीन. तुमच्या घाटाखाली काय दुकाळ पडला?"

मामा व मी डिकीत पाहत राहिलो. तीत ते धाकटे चाक एकटे आडवे पडले होते. सासूबाईंना ते दिसले की नाही, आणि दिसले तर त्याचा अर्थ कळला की नाही, हे मला त्या वेळी समजले नाही. त्या आत गेल्या आणि एक सागवानी पाट घेऊन आल्या. "एवढा ने. पायाखाली ठेवजो, पाय सुजतात तुझे," असे कुसुमला म्हणून त्यांनी तो पुढच्या आणि मागच्या बैठकीच्या मधे स्वतः बसवला. मग त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला व पाठ वळवून घरात गेल्या. निघणाऱ्या लेकीकडे फार वेळ पाहू नये, असे त्यांच्याकडे मानतात.

बुलढाण्यात मी मामांना एका गॅरेजपाशी थांबायला लावले. तेथे ट्रकची चाके होती, जीपची होती. आमच्या मापाचे नव्हते.

"चल आता," मामा म्हणाले. "येताना काही झालं नाही, जातानाही होणार नाही."

हे अनुमान सदोष आहे, असे मी वर्गात असते तर सांगितले असते.

बोथ्याचा घाट

जंगल दाट होऊन उतार सुरू झाला. मामा फार काळजीने चालवत होते. खड्डा दिसला की गाडी जवळजवळ उभी करून त्यात एक एक चाक उतरवत. कुसुम मागे आडवी टेकून बसली होती, पाटावर पाय ठेवून. मी तिच्याजवळ होते. प्रत्येक खड्ड्याला डिकीतला तो धप्प आवाज नेमका तिच्या पाठीमागे होई आणि ती दचके.

"मामा, मागं कोन बसलं आहे?" ती म्हणाली. "त्याले तिकीट काढलं का?"

त्यानंतर थोड्याच वेळात डाव्या बाजूने मागे मोठा आवाज झाला. गाडी फरफटत हेलकावली व थांबली. मामांनी हँडब्रेक ओढला. मी पहिल्याने कुसुमच्या तोंडाकडे पाहिले. तिचे दोन्ही हात पोटावर होते.

"कळ आली?"

"नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पाय मारून राह्यलं. त्यालेही आवाज आवडला नाही."

मागचे डावे टायर कडेने फाटले होते. पंक्चर असते तर ट्यूब ठिगळली असती. याला काही करण्यासारखे नव्हते. उजव्या हाताला दरी होती, डाव्या हाताला डोंगर. दुपार उतरू लागली होती आणि डोंगराची सावली रस्ता ओलांडून कठड्याच्या पांढऱ्या दगडांपर्यंत गेली होती.

खालून एक नाकेदार सायकल ढकलीत वर येत होता. जंगलखात्याच्या चौकीदाराला इकडे नाकेदार म्हणतात. तो थांबला आणि त्याने आम्हा तिघांकडे व डिकीतून निघालेल्या चाकाकडे आळीपाळीने पाहिले.

"हे या गाडीचंच लेकरू काय वो?" त्याने विचारले.

"पुतण्या आहे," मामा म्हणाले. "बस केव्हा आहे?"

"गेली आत्ता. मंग दिवस बुडल्यावर. पण बाईले घेऊन इथं तोवर बसू नोका. बोरं पिकून राह्यली. अस्वलं उतरतात सांजच्यानं." त्याने नाल्याकडे हात केला. मग सायकल टेकवून तो मोठे दगड आणू लागला आणि उरलेल्या चाकांना पुढून लावू लागला.

तेव्हा आमच्यापुढे पर्याय दोनच होते. बसची वाट पाहायची आणि मग कुसुमला तिच्या धक्क्यांत न्यायची, किंवा हे धाकटे चाक लावून घाट उतरायचा. मामांनी जॅक काढला. मी त्यांना म्हटले, थोडे थांबा.

माझ्याजवळ पाण्याचा तांब्या आणि त्यावरचे फुलपात्र होते. फुलपात्राचे तोंड रुंद आणि बूड अरुंद असते. मी ते रस्त्याच्या सपाट भागावर आडवे ठेवून हलकेच लोटले. ते सरळ गेले नाही. बुडाच्या बाजूला वळत वळत त्याने कमान काढली. वाचकांनी हे घरी करून पाहावे. एका दांड्याला एका टोकाशी मोठे व दुसऱ्याशी लहान चाक असले, तर मोठे एका फेऱ्यात अधिक जमीन कापते आणि लहान मागे राहते. मग सारी जोडी लहानाच्या बाजूला वळते. उंच बैल आणि ठेंगणा बैल एका जुवाला जुंपले तर नांगराचे तास वाकडे निघते, तसेच हे.

"म्हणजे गाडी ओढ घेणार," मामा म्हणाले.

"ज्या बाजूला हे चाक, त्या बाजूला."

मामा उकिडवे बसून फुलपात्राकडे पाहत राहिले. ते विचार करतात तेव्हा विनोद करीत नाहीत. "मग मागं नाही लावायचं," ते म्हणाले. "मागची दोन्ही चाकं इंजिन फिरवतं. मधल्या डब्यात दाते आहेत. एक चाक सारखं जास्त फिरत राह्यलं तर ते दाते सारखे एकमेकांवर घासतील, तापतील. पुढची मोकळी असतात. हे पुढं लावायचं अन् पुढचं चांगलं मागं न्यायचं."

"पुढे डावीकडे," मी म्हणाले. "डोंगर डावीकडे आहे. ओढ घेतलीच तर डोंगराकडे घेईल."

"बरोबर."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण दोघांपैकी एकाच्याच म्हणण्यावर आम्ही चाक बसवले असते तर पुढे काय झाले असते ते सांगवत नाही.

जॅक लावला तेव्हा त्याचे बूड मुरमात रुतू लागले. मामांनी सपाट दगड शोधला. तो दुभंगला. तेव्हा कुसुमने गाडीतला पाट काढून पुढे केला. मी नको म्हटले. सासूबाईंनी दिलेली ती एकच वस्तू होती.

"घे, अक्का," ती म्हणाली. "पायासाठीच दिला आहे. त्याच्यावर आता गाडी पाय ठेवंल."

पाट कुरकुरला, पण टिकला. गाडी दोनदा उचलली आणि दोनदा उतरवली. नाकेदाराने निरोप घेतला, पुढे जाऊन मागे वळून पाहिले आणि गाडीकडे बोट दाखवून मोठ्याने हसला. गाडीचे नाक डावीकडे झुकले होते. काही शोधत असल्यासारखी ती जमिनीकडे पाहत होती.

आम्ही निघालो. मामा दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जेमतेम स्पर्श करीत उतरू लागले. ओढ खरोखरच डावीकडे होती. स्टिअरिंग ते सतत उजवीकडे धरून होते व त्यांच्या मनगटाच्या शिरा मला मागून दिसत होत्या. ब्रेक लागला की ओढ वाढे. एकदा डावे मडगार्ड दरडीला घासले आणि मातीचा ढीग बॉनेटवर आला. परंतु माती ही माती असते. मी मनात म्हटले, हिशेब बरोबर आहे.

मग एक नाला आला. त्यावर लहान पूल होता आणि पुलानंतर रस्ता वळला. मामांनी पुलाच्या तोंडाशीच गाडी थांबवली.

पुलापलीकडे डोंगर उजव्या हाताला होता. दरी डावीकडे.

काल चढताना माझे लक्ष झाडांकडे होते आणि मामांचे रस्त्याकडे. घाट एका बाजूचा नसतो ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती व दोघांच्याही हिशेबात ती आली नव्हती. आता गाडी ओढ घेणार होती ती दरीकडे.

"पुन्हा बदलू," मी म्हणाले.

"दोन्ही पुढची चाकं अदलाबदल करायची, एका जॅकवर, या उतारावर," मामा म्हणाले. "तोवर अंधार. अन् पाट किती वेळा टिकेल?"

कुसुमचा हात कमरेवर होता. मी विचारले तेव्हा म्हणाली, "कळ आली होती. गेली." आम्ही दोघेही तिच्याकडे वळलो. तिने दार उघडले.

"मी उतरतो," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं धक्के नको म्हटलं. चालू नको, असं नाही म्हटलं. बसून बसून कंबर आखडली माझी."

मामांनी थोडा विचार केला. "चाल," ते म्हणाले. "दोघी चाला. डोंगराच्या कडेनं. गाडीच्या मागं, पुढं नाही."

"आणि तुम्ही?"

"गाडी कोणीतरी आणायला पायजे. कुसुम, तुझ्या पोराला सांगजो, आजोबा आधी सर्कशीत होते."

त्यांनी चष्मा पुसला आणि दार लावले. परंतु दार पूर्ण लावले नाही, नुसते लोटून ठेवले. ते का, हे मला कळले आणि मी कुसुमला कळू दिले नाही.

आम्ही चालू लागलो. कुसुम माझ्या खांद्यावर भार देऊन, पावलापावलाने. पुढे गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू जात होती. ती डावीकडे सरके, मामा तिला उजवीकडे झटका देत, ती येई, पुन्हा सरके. कठड्याचे पांढरे दगड एकामागून एक डाव्या चाकाजवळून मागे जात होते. कधी हातभर अंतराने, कधी त्याहून कमी. कठडा म्हणजे भिंत नव्हे. दोन दगडांमध्ये एक बैल निघून जाईल इतकी मोकळी जागा असते. वाऱ्याचा आवाज नव्हता. टायरखाली चिरडणाऱ्या पानांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग घुंगरांचा आवाज आला.

वळणावरून बैलगाड्या वर येत होत्या. कापूस घालून खामगावहून परतणाऱ्या, रिकाम्या, एकीमागे एक. आपल्या डाव्या हाताने, म्हणजे डोंगराच्या कडेने. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. परंतु त्याचा अर्थ असा की मामांना आता रस्त्याच्या मध्यावर राहता येणार नव्हते. त्यांना कड धरावी लागणार होती.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी नाक डावीकडे करून घसरली. मी ओरडले असेन, पण मला माझा आवाज आठवत नाही. कुसुमची बोटे माझ्या दंडात रुतली होती, ते आठवते. धाकटे चाक एका पांढऱ्या दगडाला जाऊन लागले, दगड हलला, आणि गाडी उभी राहिली.

पहिला गाडीवान खाली उतरला. त्याने आपल्या बैलांच्या कासऱ्याला हात घातला, वाकून पाहिले आणि सावकाश म्हणाला, "साहेब, हलू नोका. टेकलं आहे. बसून राहा तसेच." मग त्याने मागे वळून सांगितले, "चूप या बे, एक एक. घुंगरं वाजवू नोका." घुंगरे बैलांच्या गळ्यात असतात आणि ती न वाजवणे बैलांना सांगता येत नाही. तरी मागच्या गाडीवानाने खरोखरच दोन्ही बैलांच्या माळा मुठीत धरल्या. गाड्या एक एक करून गेल्या. त्यांच्या चाकांचे तुंबे, म्हणजे आसाभोवतीचे पुढे आलेले लाकूड, मोटारीच्या उजव्या अंगाला जवळजवळ लागत होते. मामा समोर पाहत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

शेवटची गाडी गेल्यावर, आपली गाडी पुढे उभी करून परत आलेल्या पहिल्या गाडीवानाने व मी मिळून गाडी मागून धरली, म्हणजे निदान हात लावले, आणि मामांनी ती वीतभर मागे घेतली. दगडापासून नाक सुटले. उरलेला उतार त्यांनी इंजिनाच्या ओढीवर, ब्रेकला पाय न लावता काढला. आम्ही चालत राहिलो. रस्ता सपाट झाला, सागाची झाडे विरळ झाली, आणि कापसाची शेते दिसू लागली तेव्हा गाडी एका बाभळीखाली उभी होती आणि मामा तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. धोतराची त्यांना पर्वा नव्हती.

कुसुम त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "मामा," ती म्हणाली, "झाली सर्कस?"

मामांनी तिच्याकडे पाहिले. "तू आधी बस," ते म्हणाले.

पुन्हा खामगाव

सपाट रस्त्यावरही आम्ही सावकाशच आलो. मामा मधूनमधून थांबून धाकट्या चाकाला हाताच्या पाठीने स्पर्श करून पाहत. ते इतरांपेक्षा अधिक तापत होते, कारण तेवढाच रस्ता कापायला त्याला अधिक फेरे घ्यावे लागत. गावात दिवे लागले होते. घरी न जाता आम्ही आधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी कुसुमला आत नेले. बाहेरच्या बाकावर मामा व मी बसलो. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ठोके चांगले आहेत. चालवलंत का हिला? चांगलं केलंत." तेव्हा मामांनी पहिल्यांदा पाणी मागितले.

ओटीवर ती मोठी स्टेपनी होती तेथेच भिंतीला टेकलेली होती. तिच्या मधल्या पोकळीत आमची मांजर झोपली होती. आईने कुसुमची दृष्ट काढली, आणि मग सवयीने डिकीकडे गेली.

"इहीणबाईंनी काय दिलं?"

"जागा," कुसुम म्हणाली.

आईने डिकी उघडून पाहिली. तीत फाटलेले टायर होते.

नवव्या महिन्याच्या अखेरीस कुसुमला मुलगी झाली. बारशाला देऊळघाटहून सासूबाई आल्या, सोबत गहू, उडीद, तूप, सारे एस.टी.च्या टपावर घालून. ओटीवर त्यांना आपला पाट दिसला. त्यावर जॅकच्या बुडाचा गोल वळ खोल उमटला होता आणि त्याच्या मधून एक बारीक चीर गेली होती. त्यांनी विचारले. आईने सगळे सांगितले, अगदी पहिल्या संध्याकाळपासून.

सासूबाईंनी पाट उलटा करून पाहिला. "मी पोती मागं ठेवली तुमच्या गाडीसाठी," त्या म्हणाल्या, "अन् तुम्ही चाक मागं ठेवलं माझ्या पोत्यांसाठी. एकमेकीले एक चिठ्ठी टाकाले काय झालं होतं?" आई हसली नाही आणि त्याही हसल्या नाहीत. मग त्यांनी पाट सरळ केला, पुसला, नातीला त्यावर दुपट्यात ठेवले आणि बारसे त्याच पाटावर झाले.

आता उत्तर. धाकटे चाक निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्यामुळे आम्ही जंगलात राहिलो नाही. सपाट रस्ता असेल, पुढचे गाव जवळ असेल, ते चाक पुढे बसवले असेल व सावकाश जायचे असेल, तर ते माणसाला गावापर्यंत आणते. परंतु ज्या वाटेवर घाट आहे, जेथे उतारावर ब्रेक दाबावा लागणार आहे आणि डोंगर कोणत्या हाताला राहील हे आपल्या हाती नाही, त्या वाटेवर स्टेपनी गाडीच्या चाकाएवढीच हवी. जागा लागत असेल तर दुसरे काही मागे ठेवावे. आणि कोणासाठी जागा करायची असेल, तर त्याला आधी विचारावे.

माझ्या शब्दावर हे मान्य करू नका. एक सुतळी घ्या, आपल्या गाडीची डिकी उघडा आणि आतल्या चाकाचा घेर बाहेरच्या चाकाशी ताडून पाहा. सारखा भरला तर त्यातली हवाही पाहा. कमी भरला तर एक फुलपात्र जमिनीवर आडवे करून हलकेच लोटा, आणि ते कुठे वळते ते निघण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या.